हिरामावशीच्या कागदावरची खूण

चंदनसार, विरार पूर्व

प्रिय हिरामावशी,

आज सकाळी कापसाची गुंडाळी तोंडात धरली आणि ती कोरडीच बाहेर आली. दोनदा. उठल्या उठल्या, चूळ न भरता, चहाआधी धरायची, लाळेने भिजली की नळीत टाकायची, हे तुला काय सांगायचं? पण माझ्या तोंडाला ओलच नव्हती. परवा बुधवार. हॉस्पिटलात आधी माझी तपासणी, मग आपला बायकांचा गट. तू गेल्यापासून मी एकाही बुधवारी तिकडे फिरकले नाही. आता जायचंय, आणि भीती वाटते. घरात सांगितलं तर हे म्हणतात, "काही निघणार नाही, उगाच विचार करू नकोस." म्हणून तुला लिहिते.

तुझ्या नळ्या आठवतात? घरी फ्रीज नाही म्हणून तू त्या मासळीच्या बर्फात ठेवायचीस. अर्नाळ्याहून आलेल्या नळीवर पापलेटाचा खवला बघून काउन्सेलर मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तू म्हणालीस, "ताजी हाय, बघून घ्या." ऑपरेशननंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा पोट धरून हसले.

मॅडमनी समजावलं होतं, माणूस ताणाखाली असला की अंगात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो, तो लाळेतून मोजता येतो. एरवी तो सकाळी जास्त असतो आणि दिवस सरेल तसा उतरतो. आपल्यासारख्या कॅन्सरमधून उठलेल्या काहीजणींचा नीट उतरतच नाही. गटात बसून मनातलं बोललं तर तो उतरतो का, जगणं थोडं सोपं होतं का, हे त्यांना बघायचं होतं. तू सरळ विचारलंस, "म्हनजे बोलून गाठ जाते?"

"नाही मावशी, तसं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे दिवस बरे जावेत, एवढंच."

तू मान डोलावलीस. मी मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनाशी ठरवूनच टाकलं, की जी घाबरते तिची गाठ परत येते आणि जी घाबरत नाही ती सुटते.

दर महिन्याला एक कागद भरायचा असे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझाही मीच भरायचे. बाहेरच्या बाकावर बसून मी वाचलं, 'गेल्या आठवड्यात भीती वाटली का? कधीच नाही, कधी कधी, रोज.' तू म्हणालीस, "रोज लिव गो. आंग धुताना हात तिकडं गेला का कालीज धडधडतं."

आणि मी खूण केली 'कधीच नाही'वर. तुझ्या कागदावर, मावशी. माझ्या कागदावर तर आधीच केली होती. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. वाटायचं, 'रोज' असं लिहिलं तर ते आपल्या दोघींना बाधेल. शिकलेली मी, बँकेत नोकरी करणारी, आणि अक्कल बघ!

मॅडम तुझा कागद बघायच्या, "मावशी खंबीर आहेत हो," म्हणायच्या आणि रडणारीकडे वळायच्या. मासळीबाजारात एका आवाजात चौघींना गप्प करणारी तू, तिथे एकदा तरी तोंड का उघडलं नाहीस? याचा मला अजून राग येतो.

का नाही उघडलंस, ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. आजार फुप्फुसात परतला होता. मी अर्नाळ्याला आले, तू उशीला टेकून बसली होतीस, धाप लागत होती. म्हणालीस, "शैला, म्याडमना ठाव हाय ना, मी किती घाबरते? कागदावर सांगते दर टायमाला, पन त्या कवा काय इचारत नाय."

मी म्हणाले, "हो, त्यांना ठाऊक आहे."

"मंग ठीक," म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

माझ्या खुणेने तुझी गाठ परत आली नाही, हे मला कळतं. पण जे दिवस थोडे बरे गेले असते, ते मी तुझ्याकडून काढून घेतले. आणि आता तीच भीती माझ्याकडे आलीये. आठवडा झाला, अंघोळीला मी नुसतं पाणी ओतून बाहेर येते. छातीच्या डाव्या बाजूला हात नेत नाही. हाताला काही लागलं तर?

मॅडमनी पाठवलेला नवा कागद समोर आहे. मघाशी त्याच ओळीवर 'रोज'पुढे खूण केली. ती चौकटीबाहेर गेली, तरी तशीच ठेवली.

तुला शब्द देते. तपासणीत काय निघेल ते निघो, बुधवारी मी गटात जाऊन बसेन. माझं नंतर सांगेन. आधी सगळ्यांसमोर सांगेन की हिरामावशीचे कागद खोटे होते, ते मी भरले. तिला रोज भीती वाटत होती, आणि ती दर वेळी सांगत होती.

तुझी,
शैला