आईची घाई

रविवार, २ फेब्रुवारी
आज विहारात परत तेच. पंचशीलाची ओळ वडिलांनी, म्हणजे अप्पांनी सांगायची, आपण मागून म्हणायची – पुंडलिकनगरच्या विहारात तीस वर्षं असंच चालतं. आणि आई आता अप्पांच्या आधीच ओळ म्हणून टाकते. तीही मोठ्यानं! पुढं बसलेल्या सरूबाईंनी वळून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी विचारलं तर म्हणे, "आलं तोंडात, म्हणलं."

मंगळवार, ४ फेब्रुवारी
ऑफिसला जाताना आईकडे डोकावले. चहाचं पातेलं जळून काळंठिक्कर, गॅस चालूच. अप्पा बाहेर पेपर वाचत. "मीच ठेवला होता, इसरले," आई म्हणाली. चहा सोडून तिला दोन वर्षं झाली. तेही विसरली का ही?

मागच्या महिन्यात पाण्याची मोटार चालू राहिली, गल्लीभर पाणी. तेव्हाही "मीच".

पुण्याला अभयला फोन केला. म्हणतो, "वय झालं ताई, चालायचंच." डोकंच फिरलं माझं. सोयगावची दगडाबाई मावशी, आईची सख्खी बहीण, शेवटी पोटच्या पोरांना ओळखत नव्हती. मला लई भीती वाटते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
आईला दवाखान्याचं सांगितलं. वाटलं भांडेल. "चल," एवढंच. फक्त अप्पांना सांगायचं नाही, म्हणे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
ठणठणीत आहे! आई ठणठणीत आहे!

डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाई थेट दोनपर्यंत गेली, मी अजून बोटं मोजत होते. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काढलं. आज वार कोणता? "मंगळवार. पोरीची सुट्टी वाया गेली." डॉक्टर हसले. म्हणाले, यांना काही झालेलं नाही.

बाहेर येऊन मी रडले. "आता काय झालं रडायला?" आई म्हणाली. घड्याळ काढायचा एक कोरा कागद मात्र तिनं मागून घेतला. खेळ आवडला वाटतं.

आठ दिवसांनी आज पोटभर जेवले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
झोप छान लागली. उगाच घाबरले होते.

रविवार, १६ फेब्रुवारी
आईला ताप. विहारात मी एकटीच गेले. अप्पा दोन शीलं नीट बोलले. तिसऱ्यापाशी थांबले. आईच्या जागेकडे बघत राहिले. तिथं मी होते.

चहाचं पातेलं, मोटार – सगळं अप्पांचं होतं. तो कोरा कागदही अप्पांसाठीच. आई नुसती अंगावर घेत होती.

तिसरी ओळ मी म्हणून टाकली. अप्पांच्या आधी, मोठ्यानं. सरूबाईंनी वळून बघितलं.

बघू दे.