तिसऱ्या रांगेतली करडी शाल

ती. ताईस,

सावधान उभं राहून साष्टांग नमस्कार. (दोन्ही एकदम जमत नाहीत, हे तू म्हणायच्या आत मीच कबूल करतो.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? इकडे आम्ही दोघंही ठणठणीत. त्यातही मी जरा जास्तच, कारण परवा मी कारखानदारांच्या परिषदेत 'संकटकाळातलं नेतृत्व' या विषयावर बोललो आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. घरी जायला नव्हे, टाळ्या वाजवायला! आमचा जनरल निवृत्त झाल्यापासून भाजीच्या पिशव्या उचलतो, असं तू ज्या ज्या नातेवाइकांना सांगितलं आहेस, त्यांना हेही आठवणीने कळव.

आता सविस्तर ऐक. पंप आणि नळाच्या तोट्या बनवणाऱ्या मंडळींची ही वार्षिक परिषद. त्यांना सेनापती कशाला हवा, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हल्ली या लोकांत पद्धतच आहे म्हणे, वर्षभर आपसात भांडायचं आणि मग बाहेरचा माणूस बोलावून नेतृत्व ऐकून घ्यायचं. आमची बडदास्त उत्तम होती. पलंगावर इतक्या उशा, की झोपण्यापूर्वी त्यातली एक तुकडी खुर्चीवर हलवावी लागली. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर परिषदेच्या अध्यक्षांनी (गोल चेहऱ्याचे गृहस्थ, सगळी हयात तोट्यांत गेलेली) मला विचारलं, की एवढे मोठमोठे निर्णय तुम्ही कुणाच्या सल्ल्याने घेत होता? असं विचारल्यावर निवृत्त माणसाची छाती फुगणारच. मी सांगून टाकलं, आयुष्यात एकही निर्णय मी कुणाला विचारून घेतलेला नाही. तुझी भावजय शेजारीच सूप पीत होती. तिने चमचा खाली ठेवला. अजिबात आवाज न करता ठेवला, आणि मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सकाळी केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "आज मी काही सभागृहात येत नाही. तुमचे तुम्ही समर्थ आहात."

ताई, हे किती गंभीर होतं ते कळावं म्हणून घरचं एक गुपित फोडतो. (भावजींच्या कानावर जाऊ देऊ नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही.) गेली तीस-बत्तीस वर्षं मी जिथे जिथे बोललो, तिथे तिथे ही तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसत आली आहे. तिने आपली करडी शाल सारखी केली, की श्रोते पेंगायला लागलेत, काहीतरी गमतीचं सांगा. मानेवरून हात फिरवला, की हा मुद्दा पुरे, पुढे चला. आणि चष्म्याची डबी मिटली, की भाषण संपलं, मग मी वाक्याच्या मध्यावर असलो तरी बेहत्तर. माझ्या वक्तृत्वाचा सगळा डोलारा या तीन खुणांवर उभा आहे. त्यामुळे त्या दिवशी मंचाच्या पायऱ्या चढताना मी एकेक पाऊल मोजत होतो. तोफांपुढे नव्हतं मोजलं.

त्यात माझा लांबचं बघायचा चष्मा गाडीत राहिला आणि गाडी गेली पेट्रोल भरायला. हातात सव्वीस पानांचं भाषण, समोर नुसते रंगांचे ठिपके. तरी सवयीने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, तर कडेच्या खुर्चीवर करडी शाल! आली होती गं! रुसली, बोलली, पण आली. मी भाषण विसरून तिकडेच बघत उभा राहिलो, आणि अध्यक्षांना वाटलं, मी माईकला घाबरलो.

मग जी लढाई सुरू झाली! दुसऱ्याच पानावर मानेवरून हात. रसदपुरवठ्याचा मुद्दा सोडला. चौथ्यावर पुन्हा हात, शिस्तीचा मुद्दा सोडला. लगेच शाल सारखी झाली, मी विनोद सांगितला. पुन्हा शाल, पुन्हा विनोद. एवढ्या खुणा तिने उभ्या आयुष्यात केल्या नव्हत्या. माझ्याजवळचा विनोदांचा साठा संपत आला तेव्हा मी खेचराची गोष्ट काढली. तुला ठाऊक आहे ती. मी तरुण कॅप्टन, डोंगरातला सराव, दाट धुकं, आणि होकायंत्र ओढ्यात पडलेलं (कुणाच्या हातून, ते महत्त्वाचं नाही). मी डावीकडे वळायचा हुकूम दिला. सगळी तुकडी वळली. सामान वाहणारं खेचर तेवढं उजवीकडे तोंड करून उभं. त्याला ओढलं, ढकललं, दरडावलं, शेवटी विनवलं. एवढं सांगतो आहे तोच तिसऱ्या रांगेत डबी मिटली. टप्प! मी पानं खाली ठेवली आणि म्हणालो, "शेवटी आम्ही खेचराच्या मागे गेलो. धन्यवाद."

 मग पंपवाले उठले, तोट्यावाले उठले, टाळ्या थांबेनात. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, नेतृत्वाचं सार इतक्या थोडक्यात त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. (शिवाय जेवण वेळेवर मिळालं, असं माझं मत.) लोक हात मिळवत होते, फोटो काढत होते, आणि मी गर्दीतून वाट काढत तिसऱ्या रांगेकडे निघालो होतो, कारण एवढ्या टाळ्यांत मला तिचंच तोंड बघायचं होतं.

जवळ गेलो, तर तिला मिशा होत्या. झुपकेदार!

ते एक वयस्क पंपवाले होते. वातानुकूलनाचा गारठा सोसत नाही म्हणून शाल, आणि मान आखडली म्हणून हात. डबी का मिटलीत, असं विचारलं, तर म्हणाले, डोळा लागत होता, चष्मा पडून फुटायला नको. मी त्यांना कडकडून मिठी मारली. कारण समजून घे ताई, याचा अर्थ हे मैदान मी एकट्याने मारलं! कुणाच्याही मदतीशिवाय! घरी हे मी दिवसातून दोनदा बोलून दाखवतो. तुझी भावजय नुसती हं म्हणते.

भावजींना नमस्कार.

तुझा विजयी धाकटा भाऊ

ता. क. पुढच्या महिन्यात कुलपं बनवणाऱ्यांचं बोलावणं आलं आहे. ही येणार की नाही, त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तुझा शब्द ती मोडत नाही. तिसऱ्या रांगेत बस, असं तिला एक पत्र टाक ना. मला गरज नाही, खुर्ची रिकामी दिसते म्हणून म्हणतो.

ता. क. (दुसरा) गरज आहे. लवकर टाक.

वन्संना नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आहे आणि पाकीट उघडंच ठेवलं आहे, म्हणजे मी वाचावं हीच इच्छा दिसते. मी सबंध भाषण मागच्या दाराशी उभी राहून ऐकलं. छान बोलले. कुलपांच्या वेळी मी तिसऱ्या रांगेत बसेन. तुम्ही मुद्दाम लिहायचे कष्ट घेऊ नका, गुडघा सांभाळा. खेचराची गोष्ट मात्र हे नेहमी अर्धीच सांगतात, कारण उरलेली यांना माहीत नाही. तेव्हा आमचं घर लष्करी तळाच्या कुंपणाला लागून होतं. ते खेचर रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचं आणि मी त्याला गाजर द्यायचे. त्या दिवशीही ते गाजरासाठीच आलं. मागोमाग धुक्यातून सगळी तुकडी आली आणि सर्वांत शेवटी हे. यांना सांगू नका. एवढ्या टाळ्या पडल्या आहेत, राहू द्या.