एकोणतीसचा पाढा

मांजरी, पुणे

ती. बाबांना सप्रेम जय भीम,

उद्या सकाळी आपण गाडीने बोधगयेला निघणार. नम्रताने विहारांत मुक्काम आणि रस्त्याकडेला स्टोव्हवर पिठलं-भात ठरवून खर्च निम्म्यावर आणला. "सून असावी तर अशी," हे तुम्ही सगळ्यांना फोन करून सांगताय. मलाही सांगितलंत, दोनदा.

नकाशा तिच्या मोबाइलवर, म्हणून पुढची सीट तिला. मी मागे, कुकर मांडीवर घेऊन.

तुम्ही टेम्पो चालवायचात तेव्हा ती सीट माझी होती. जेवणानंतर तुमचे डोळे मिटायला लागले की मी मोठ्याने पाढे म्हणायचे.

काल नम्रताने विचारलं, "ताई, बाबांना गाडी चालवताना झोप येते का हो?" मी म्हटलं, "छे, कधीच नाही." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

म्हणून उद्या मी मागूनच पाढे म्हणेन. एकोणतीसचा चुकेन, तुम्ही नेहमीसारखे रागावून दुरुस्त करा. तो मला चौथीपासून पाठ आहे, बाबा. तुम्ही जागे राहावं म्हणून चुकायचे.

हे तुम्हाला कळवलं तर तुम्ही कौतुकाने तिलाच सांगाल, आणि तीही चुकायला शिकेल. म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवते.

तुमची, गणितात कच्ची,
मैत्री