लांब बाह्या आणि निळी फाइल

आष्टा, जि. सांगली
सोमवार (सुरुवात काल रात्रीच केली होती, तो कागद आईने वाचला, म्हणून हा दुसरा)

आदरणीय राजरत्नमामांस,

तुमच्या आमूचा सविनय जय भीम. मामीलाही सांगा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी आणि बाबा ठीक आहोत, आई माझ्याशी बोलत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी अजिंक्यतारा चढायला मनाई केल्यापासून तुम्ही रिक्षाने वर जाता आणि चालत खाली उतरता, असं मामीकडून कळलं. मामा, उतरतानाच गुडघ्यावर जास्त भार येतो. मी विचारून खात्री केली आहे.

फोन न करता पत्र लिहिते याचं कारण असं की तुम्ही फोनचा स्पीकर लावता आणि मग तुमचा निम्मा सदरबझार आमच्या घरात येऊन बसतो. शिवाय जे सांगायचं आहे ते तुमच्या विरोधातलं आहे. तुम्ही आणलेलं स्थळ, साताऱ्याच्या अंजनाबाईंचा मुलगा सुमेध, पाटबंधारे खात्यात नोकरी, हे लोक आठ दिवसांपूर्वी, मागच्या रविवारी, मला पाहायला आले. आणि तुम्ही आईला जे बजावून सांगितलं होतं, की डागांची गोष्ट आत्ता काढायची नाही, लग्न झाल्यावर हळूहळू सांगू, तोवर पोरीला लांब बाह्यांचा ब्लाउज घाला, ते मी मोडलं. ब्लाउज घातला होता. पण मोडलं.

आता तुम्ही रागवाल. पण मला अक्षरं कुणी शिकवली? शाळेत नाव घालायच्या आधी, तुम्ही पलटणीतून सुट्टीवर आलात की अंगणातल्या फरशीवर कोळशाने ‘अ’ काढून घ्यायचात. चुकला तर पुसू द्यायचा नाहीत. शेजारी बरोबरचा काढायचा आणि चुकीचा तसाच दिसत ठेवायचा. त्यात वाढलेल्या मुलीला तुम्ही लांब बाह्या शिवायला सांगता, म्हणजे काय?

झालं असं. आईने सकाळीच माझी निळी फाइल पिठाच्या डब्यात लपवली. (फाइलमध्ये चौदा महिन्यांचे फोटो आहेत. प्रत्येक डागाशेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवून काढलेले. उजव्या कोपरावर एक, मनगटावर दोन आणि डाव्या घोट्यावर एक. घोट्याचा फोटो एका महिन्याचा राहिला आहे, त्याची नोंद केलेली आहे.) पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला. एवढ्यात मुलाचे काका, आकाराम त्यांचं नाव, मिशीला लागलेला पोह्याचा दाणा झटकत म्हणाले, “मग, काय लपवाछपवी न्हाई न्हवं?” मामा, हे सगळेच विचारतात, आणि सगळेच ‘छे छे’ म्हणतात. आई तसं म्हणालीही. पण प्रश्न माझ्याबद्दल होता, म्हणून मी म्हटलं, “आहे.” आणि उठून पिठाच्या डब्यातून फाइल काढून आणली. ती झटकली तेव्हा थोडं पीठ आकारामकाकांवर उडालं. ते अनवधानाने झालं.

बाह्या वर केल्या आणि सगळं सांगितलं. हे कोड आहे, कुष्ठरोग नव्हे, दोन्हींचा काही संबंध नाही. ते कुणाला लागत नाही, एका ताटात जेवलं, एका पांघरुणात झोपलं तरी दुसऱ्याला होत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर आपल्याच शरीराची राखण करणारी फौज उलटते. (तुम्हाला समजेल असं सांगायचं तर आपल्याच पलटणीने आपल्याच आचाऱ्यांवर गोळीबार करावा, तसं.) मासे खाऊन वर दूध प्याल्याने हे होत नाही; मी उगाच दोन वर्षं मासे सोडले होते. बावचीचं तेल लावून उन्हात बसल्याने मला फोड आले होते, हेही सांगितलं. ते तेल कुणी सुचवलं होतं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून.

मग उपचार. लावायचं मलम, आणि आठवड्यातून दोनदा सांगलीला जाऊन दिव्यांच्या कपाटात उभं राहणं. पावणेदोन मिनिटांच्या उजेडासाठी मी जाऊन-येऊन दोन तास एसटीत बसते, पण कोपराच्या डागात आता तिळाएवढे सावळे ठिपके उगवले आहेत. एकोणीस. दर रविवारी बाबा चष्मा लावून मोजतात. पूर्ण भरेल का, नवीन येतील का, मुलांना होईल का, याची खात्री डॉक्टर देत नाहीत, म्हणून मीही देत नाही, असं मी स्पष्ट म्हटलं. आईने पदर डोळ्यांना लावला.

मग मुलाची आजी, हरणाबाई, आपली जागा सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या. माझं मनगट हातात घेतलं, अंगठा फिरवला. म्हणाल्या, “माज्या धाकट्या भनीला हुतं गं. आमी तिचं ताट येगळं ठिवलं, तांब्या येगळा. मरूस्तवर. आन तू म्हंतीस लागत न्हाई.” मी म्हटलं, “नाही लागत, आज्जी.” त्या म्हणाल्या, “कवा कळलं हे डाक्टर लोकास्नी?” मी म्हटलं, पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं मला एका हाताने करावं लागलं.

पुढचं म्हणजे असं, की अंजनाबाईंनी गालावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, “आगं, मग माजं बी बग की जरा.” दोन्ही गालांवर वांग, आणि वर लाल, पातळ झालेली कातडी. विचारलं काय लावता, तर आकारामकाकांची गजकर्णाच्या मलमाची नळी! मेडिकलवाल्याने दिलेली. पहिल्या पंधरा दिवसांत उजळलं, म्हणून गेली दीड वर्षं चालू. मी सांगितलं, की ती नळी दुसऱ्या रोगासाठी आहे, गालासाठी नव्हे, कातडीच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने सोडा, आणि उन्हात तोंड झाका. मग आकारामकाका उठले. त्यांच्या दंडावर एक फिकट डाग. म्हणाले, “ह्यावर मुंगी चावली तरी कळत न्हाई आपल्याला,” आणि ते अभिमानाने म्हणाले. मी म्हटलं, काका, ही अभिमानाची गोष्ट नाही, बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो, उद्याच सरकारी दवाखान्यात दाखवा. तपासणी फुकट असते आणि असलंच काही तर गोळ्यांनी पूर्ण बरं होतं. तोवर शेजारच्या रंगुबाई चपलेने काळा पडलेला पाय घेऊन दारात उभ्या. बाबा मोबाइलचा उजेड धरत होते. (बाबांनी त्या दिवशी फार छान उजेड धरला.) मी सगळ्यांना एकच सांगत होते, की मी डॉक्टर नाही, फक्त पेशंट आहे. कुणाच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

शेवटी फाइलमधली एक चिठ्ठी खाली पडली. ती उचलायला मुलगा वाकला आणि मला त्याची मान दिसली. मागून काळसर, मखमलीसारखी जाडसर. मला राहवलं नाही. म्हटलं, हा मळ नव्हे, घासू नका. साखर तपासून घ्या. अंजनाबाई एकदम ओरडल्या, “आगं बया! सा वर्सं मी वजरीनं घासतीया त्येला!” मुलगा वाकलेलाच राहिला.

जाताना मी प्रत्येकाला वेगळ्या कागदावर काय करायचं ते लिहून दिलं. तेव्हापासून रोज फोन येतो. अंजनाबाईंनी डॉक्टर गाठले. मुलाची साखर किंचित वर आहे, गोळी नको, पण चालायला सांगितलंय. आकारामकाका तपासून आले; डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, आणि गोळ्या सुरू केल्या. हरणाबाई रोज फोन घेऊन विचारतात, ठिपके किती झाले. सगळे सगळं विचारतात. लग्नाचं कुणी काढत नाही. आई म्हणते, स्थळ गेलं आणि दवाखाना पदरात पडला. मला मात्र जे केलं त्याचं वाईट वाटत नाही. पुन्हा कुणी आलं तर पुन्हा फाइल काढीन. मामा, तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण लिहून रागवा.

तुमची,
आम्रपाली

ता. क. १ : आईने सांगितलंय, “फाइल चुकून निघाली असं लिही.” तिचा निरोप पोचवला. वर लिहिलं आहे ते खरं.

ता. क. २ : स्थळ तुम्ही आणलं, तेव्हा तुम्हीच साताऱ्यात त्यांच्या घरी जाऊन हो की नाही ते विचारा. गालांची, दंडाची आणि साखरेची चौकशी उत्तरात धरू नका. आणि लांब बाह्यांबद्दल हरणाबाईंची माफी मागितलीत तर बरं होईल. त्या ‘का’ म्हणून विचारणार नाहीत.

ता. क. ३ : हे आईला दाखवू नये. त्या दिवशी जिन्यात चपला घालताना मुलाने मला एकच विचारलं होतं, “सांगलीला त्या दिव्यासाठी तुम्ही एकट्याच जाता?” मी म्हटलं, “एसटीने.” ते खरं काय विचारत होते ते मला बुधवारी कळलं, सांगलीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली तेव्हा.

ता. क. ४ : मामा, मला त्यांची मान दिसली, चेहरा मी पाहिलाच नाही. आधी बाह्यांकडे लक्ष होतं, मग फाइलकडे, मग सगळ्यांच्या कातडीकडे. बायोडेटावरचा फोटो कॉलेजचा आहे आणि त्यात अर्ध्या तोंडावर सावली आहे. तेव्हा जाल तेव्हा नीट बघून या, कसे दिसतात, हसताना कसे दिसतात, ते सविस्तर लिहा. पण त्यांचा नकार असेल, तर तेवढाच कळवा. चेहऱ्याचं काही लिहू नका.