न चाखलेली बरणी

दासगाव, ता. ६-५-५९

ती. रायबादादास,
भागूचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की मला तिसरा महिना लागला. तू घाबरू नकोस. मी एकटी घाबरते तेवढं पुरे. मागच्या खेपेस काय झालं ते तुला ठाऊक आहे. पेजेशिवाय पोटात काही ठरत नाही. सासूबाई नाना परी करून वाढतात आणि मी ताटावरून उठते. डोळ्यांपुढे एकच, आपल्या डोंगराची काळीभोर करवंदं. गेल्या वर्षी तू एस.टी.त पाठवलीस, त्यांचा वाटेतच आंबूस लगदा झाला.

शेजारच्या मास्तरीणबाई, रंगूबाई, सांगतात की जाम केला तर वर्षभर राहतो. करवंदं शिजवून फडक्यातून गाळायची, बिया टाकायच्या, गराएवढी साखर घालून आटवायचं. थेंब थंड ताटलीत ओघळेना की झालं. वर मेण ओतून झाकण लावायचं. साखर आणि बरणी घेऊन धाकटे दीर हैबती येत आहेत. आईला एवढं सांग.

माया आहेच, ती डोंगराएवढी राहू दे.
तुझी भागू

वरची वाडी, पोलादपूर, ता. २९-५-५९

चि. सौ. भागूस,
रायबाचे अनेक आशीर्वाद.

डोहाळे तुला आणि काट्यांनी ओरबाडले माझे हात! मामा होणं स्वस्त नाही म्हणायचं. आईने दुधाचं पातेलं राखेने लख्ख घासून चुलीवर चढवलं. मी म्हटलं, या लाल पाण्याचं काय घट्ट होणार, ना पीठ ना काही. पण ताटलीतला थेंब जागचा हलेना. करवंदाने आपलं आपणच अंग धरलं गं! आई तर हात जोडून बसली.

चव विचारू नकोस. डोंगराचं नवं काही वाघजाईला दाखवल्याशिवाय जिभेवर ठेवायचं नाही, ही आपली रीत. नैवेद्य झाल्यावर मी बोट पुढे केलं, तर आईने चापट दिली. म्हणाली की भागी सुखरूप सुटेपातूर यातला कण मी खायची नाय, नि तू बी नाय. पातेलं चाटलं ते आपल्या कपिला गाईने, आणि ती काही सांगत नाही. बरणी हैबतींबरोबर येते आहे; पावसाळाभर टिकेल का, गोड की कडू, ते तूच बघ.

पावसात आमची वाट बंद होते. पत्र आलं नाही तरी काळजी करू नकोस. ती आम्ही करू.
तुझा दादा

दासगाव, ता. ३०-८-५९

ती. रायबादादास,
भागूचा नमस्कार.

वाट उघडेल तेव्हा हे मिळेल. इतके दिवस बरणी उघडायचा धीर झाला नाही. खराब निघाली तर वाट तरी कशाची पाहायची? यंदा सावित्रीचा पूर अंगणाच्या कडेला येऊन गेला. पापडांना बुरशी, वहाणांना बुरशी, यांच्या टोपीलासुद्धा. काल सासूबाईच म्हणाल्या की आता उघड.

दादा, एक ठिपका नाही! दाराशी उजेडात धरली तर माणकासारखी लाल. आणि वास! बाहेर श्रावण ओतत होता आणि घरात आपला वैशाख उभा राहिला. सासूबाईंनी आधी बरणीला हळदकुंकू वाहिलं. मी जाम भाकरीला लावून खाल्ला, अख्खी भाकरी खाल्ली, आणि ती पोटात राहिली. मग मी ढसाढसा रडले. आता रोज थोडा खाते, आणि आत पाय झाडणं चालू आहे.

तळाचा मात्र कुणाला देणार नाही. तो कुणाचा ते तू ओळखशीलच.

आईच्या पाया पडते. आठवण ठेवा.
तुझी भागू

वरची वाडी, ता. २५-११-५९

चि. सौ. भागूस,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या लेकीला दुप्पट.

हैबती बातमी आणि बरणी घेऊन आले. दोघी सुखरूप हे ऐकून आई आधी वाघजाईला गेली, मग उंबऱ्यावर बसून तिने बरणीत बोट घातलं. चाखलं आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. तिथे करवंदाच्या जाळ्यांवर आता एक फळ नाही. मी विचारलं, गोड आहे का? तर डोळे पुसून म्हणाली की जल्म गेला या डोंगरावर, पण त्याच्यात येवढं हाय हे ठावं नव्हतं.

मलाही एक बोट मिळालं. दुसरं मागितलं तर पुन्हा चापट. उरलेल्यावर तिने नवं मेण ओतलं आहे आणि बरणी हैबतींबरोबर परत येते आहे. नातीला उष्टावाल तेव्हा पहिलं बोट याचंच लावा, असा निरोप आहे.

तोवर टिकेल का, असं या खेपेस मी विचारलं नाही.

तुझा दादा