मालकाची जागा

६ जानेवारी

हाल्वोर्सन बे या गावी पोचलो! सात वर्षांची ब्रिटा आणि मी, एवढंच आमचं बिऱ्हाड. सरोवर गोठलंय. ब्रिटाने खिडकीला नाक लावून रस्त्यावरच्या सगळ्यांना हात केला. तिची आई गेल्यापासून इतकी खुललेली पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

काम असं: काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, दप्तरं, म्हणजे जन्म, घरं, कुत्र्यांचे परवाने, आमच्या कंपनीच्या फाइलसिस्टमवर असतात. ही फाइलसिस्टम लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्याच्या, बाहेरची, पोटभाडेकरूच म्हणा. मालक भिंती हलवतो आणि हिला सांगतही नाही. दर नव्या कर्नेलला आमचं मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडणारा तुकडा, मोडतं. ते जुळवून पॅकेज करायचं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा म्हातारा आर्विड म्हणाला, आधीचा गडी कंटाळून मासे धरायला गेला, तूही गळ घेऊनच ठेव.

९ जानेवारी

नवं कर्नेल आलं आणि बिल्ड, म्हणजे कोडची जुळणी, कोसळला. एकशे बारा चुका! बहुतेक किरकोळ, दुपारपर्यंत एकच उरली. फाइल बनवणारं फंक्शन आता एक जादा गोष्ट मागतं: ही कोणाची? आमच्या जुन्या कोडला ते ठाऊकच नाही. नीट करायला आठवडा लागेल, पॅकेज आजच हवं, आणि ब्रिटाची शाळा सुटत आलेली. मी तिथे शून्य ठेवलं, म्हणजे कोणाचीच नाही. वर टीप लिहिली, नंतर बघू, आणि पॅकेज काउंटीच्या सर्व्हरवर चढवलं. आर्विड म्हणाला, असंच करतात रे सगळे, चुका काढणारा कंपायलर गप्प तर आपणही गप्प.

१३ जानेवारी

काउंटीच्या बाईंचा फोन. आडनावांच्या एबीसी क्रमाने सगळ्या दप्तरांतली मालकाची जागा कोरी होत चाललीय. आवाज खाली आणून म्हणाल्या, गावातली कुत्री घरी जाईनात, आणि मालकांनाही त्याचं काही नाही. मी हसलो. मग खिडकीबाहेर पाहिलं. गळ्यात पट्टे असलेली चाळीसेक कुत्री बर्फात नुसती बसली होती.

१४ जानेवारी

आर्विड ऑफिसातच झोपला. बायको वाट बघत असेल म्हटलं, तर म्हणाला, कोणाची बायको? थट्टा वाटली. पण त्याचं आडनाव हापाला. एच.

शाळेच्या पायऱ्यांवर काही मुलं बसून होती. न्यायला कोणी आलं नव्हतं.

१५ जानेवारी

एम संपला. आम्ही सोरवारी, एस.

दुरुस्ती झाली. बिल्डही झाला. पण सर्व्हर नवं पॅकेज घेत नाही, म्हणतो: आधीच्या पॅकेजला मालक नाही, तेव्हा बदलायचा हक्क कोणालाच नाही. माझीच करणी!

१६ जानेवारी

पी. ब्रिटाला शाळेत पाठवलं नाही. हात धरून बसलोय. सारखं विचारते, बाबा, रडतोस का?

१७ जानेवारी

आर. ब्रिटा माझी. ब्रिटा माझी. ब्रिटा — खूप भीती वाटते — देवा, हिला तरी —

१८ जानेवारी

स्वयंपाकघरात एक मुलगी. बाबा बाबा करत माझ्या पायांना मिठी मारते. पोलिसांना फोन केला. वैतागून म्हणाले, गावभर आहेत, कोणाकोणाची घेऊ?

मी तरी का सांभाळू? माझी थोडीच आहे. बाहेर उणे वीस — जाईना, म्हणून ढकलली — कडी लावली.

दारावर थापा.

अजून थापा, पण हळू — मध्ये मध्ये —

थांबल्या. बरं झालं. आता जरा निवांत —