पेशींचा वायू आणि माझं खारं मांस

टाउन्सव्हिल, ऑस्ट्रेलिया, मंगळवार

प्रिय लुपेताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने तू खुशाल असशील. चर्चच्या गाण्यात वरचा सूर अजून तूच लावतेस ना? माझी प्रकृती ठणठणीत आहे. आजारी पडली ती अब्रू. त्याची हकीकत ऐक.

तू गावभर सांगतेस की भाऊ शास्त्रज्ञ आहे. ताई, अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत बाटल्या धुतोय. शास्त्रज्ञ आहे ती आमची डॉक्टर सेनी, फिजीची पोरगी. पावसानंतर इथल्या चिखलातून वर येऊन पायाच्या चिरेतून माणसात शिरणाऱ्या जंतूच्या ती मागे लागली आहे. जंतू महालबाड! अंगातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, तर हा मरत नाही. आतच बिऱ्हाड थाटतो, तेही इतकं गुपचूप की पेशीला पत्ता लागत नाही. पण दुसऱ्या पेशींनी धोक्याची वर्दी पाठवली, की हीच मठ्ठ पेशी जागी होते आणि पोटातल्या पोटात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून आतल्या भाडेकरूला मारते. (पोटात वायू आपल्या मामांनाही होई, पण त्यात मरायची वेळ यायची ती आपल्यावर.)

हा वायू दिसत नाही. पेशी ठेवलेल्या पाण्यात त्याचा जो अंश मागे उरतो, तो औषध टाकल्यावर गुलाबी होतो. म्हणजे उंदराच्या ज्या पेशींना वर्दी मिळाली त्यांचं पाणी गुलाबी आणि न मिळालेल्यांचं कोरं, असं दिसायला हवं. गेल्या शुक्रवारी पाहुणे येणार होते, सेनीचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला. आणि सोमवारपासून सगळंच गुलाबी! तबकडीच्या ज्या खळग्यांत पेशीच नाहीत, नुसतं पाणी, तेही गुलाबी. तिने औषधं बदलली, पेशी बदलल्या. बुधवारी टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "इओआने, माझी दोन वर्षं बुडाली रे."

सगळ्या खळग्यांत ती जे पाणी घालते, त्याच्या बाटलीकडे माझं लक्ष गेलं. चर्चच्या जेवणासाठी मी गोमांस खारवलं होतं. त्याचं खारं पाणी भरून ठेवायला हीच बाटली घरी नेली होती आणि घाईत एकदाच विसळून फळीवर ठेवली होती. मांस खारवायच्या मिठात नायट्राइट असतं, म्हणजे नेमका तोच अंश, जो सेनी पेशींच्या पाण्यात शोधते!

"सेनी, ती बाटली... त्यात माझं मांस होतं."

"तुझं मांस?"

"गायीचं. चर्चचं."

तिने बाटली उचलून नाकाशी धरली. मग म्हणाली, "सामोआवाल्या, रग्बीत आम्हांला हरवता येत नाही, म्हणून विज्ञानात घुसलास होय?" आणि समोर उभी राहून माझ्याकडून साठ बाटल्या धुऊन घेतल्या.

शुक्रवारी सकाळी वर्दी न मिळालेल्या पेशींचं पाणी कोरं, मिळालेल्यांचं जास्वंदीसारखं लाल-गुलाबी. पेशी फोडून आतलं ताटलीवर पसरलं, तर पहिल्यांमधून जंतूंचं गालिच्यासारखं पीक आलं, दुसऱ्यांमधून मोजून सात ठिपके. वायू थांबवणारं औषध घातलं, तर रंगही गेला आणि जंतूही पुन्हा माजले. पाहुणे खुर्ची पुढे ओढून बघत होते. तेवढ्यात सेनीने मला पुढे ढकललं. "चूक यानेच शोधली," म्हणाली. (केली कोणी, ते सांगितलं नाही.) काम चालू राहणार, ताई. त्या पेशींना आणि त्या पोरीला मी मनातून हात जोडले.

तुझा आज्ञाधारक,
इओआने

ता. क. मांस फर्मास झालं होतं. पास्टरांनी तीनदा घेतलं.

आणखी ता. क. तुझ्या शेजारणीचा फोन आला होता. तुला आठवडाभर ताप आणि खोकला, तरी तू अनवाणी तारोच्या कंदांच्या वाफ्यात त्याच चिखलात उतरतेस. तुला साखरेचा आजार आहे आणि साखरवाल्यांच्या पेशी या जंतूपुढे ढिल्या पडतात, असं सेनी म्हणते. खोकला साधाही असेल. ते डॉक्टर ठरवतील. हे पत्र टपालाने आलेलं नाही. दोन तास गाडी हाकून आलोय, ते तुझ्या नातीच्या हाती दिलंय आणि मी फाटकाबाहेर गाडीत बसलोय. थोरल्या बहिणीला तोंडावर हुकूम करायची छाती नव्हती, म्हणून एवढं लिहिलं. चप्पल घाल आणि ये. रागवायचं असेल तर गाडीत बसून रागव.